विरघळती पन्नी

मामा उजवा तळहात पुढे करायचे आणि म्हणायचे, "बगा बरं भाऊ, हात कोरडा हाय का?"

ज्याला पहिल्यांदा हा प्रश्न विचारला जाई तो हमखास गोंधळायचा. भविष्य बघायला हात दाखवतायत की काय, असंच वाटायचं. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं तर एकदा त्या हातावर खारी ठेवली होती. मामांनी ती शांतपणे खाल्ली, चुरा झटकला आणि हात परत पुढे केला. "आता सांग. कोरडा हाय का?"

मामा म्हणजे आमच्या गल्लीतले लेडीज टेलर. गाव भोकरकडचं, पण आयुष्य नांदेडात गेलं. त्यांचं दुकान आणि माझं झेरॉक्सचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत, आणि तीही नावाला. तिकडे मशीन सुरू झालं की माझ्या काचेवरची पेनं थरथरायची. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, तसा मीही म्हणायचो. ते गेले त्याला आता दुसरा उन्हाळा चालू आहे. त्यांच्या दुकानात हल्ली मोबाइलची कव्हरं मिळतात. ते चालवणारा पोरगा चांगला आहे, पण दिवसभर गाणी लावतो आणि मला तक्रार करायचाही कंटाळा येतो.

मामांना तरुणपणी महारोग झाला होता. ही गोष्ट ते कुणी विचारली तर सांगायचे आणि न विचारताही सांगायचे. "झाल्ता. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या खाल्ल्या, गेला. जाता जाता बोटातली जान तेवढी घेऊन गेला." उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं होतं. उरलेल्या बोटांनाही हळूहळू काही कळेनासं झालं होतं. सुई टोचली तर रक्त दिसल्यावर समजायचं. ऊन, गार, ओलं, सुकं, हाताला सगळं सारखंच.

रोग केव्हाच गेला होता. त्यांच्यापासून कुणाला काही होणार नव्हतं. डॉक्टरांनी हे मामींना सांगितलं होतं आणि मामींनी साऱ्या गल्लीला. गल्लीनं मान डोलावली होती. पण मान डोलावणं वेगळं आणि तो हात हातात घेणं वेगळं. तुमच्या गल्लीतही असं काहीतरी असेलच, मी नव्यानं काय सांगावं.

म्हणून दुकानात मापं मामी घ्यायच्या. मशीनही त्यांच्याकडेच. मामांकडे डिझाइन, कापाकापी आणि बोलणं. बोलण्यात त्यांना तोड नव्हती. लग्नाचा ब्लाऊज शिवायला आलेली मुलगी चार डिझाइनं बघून रुसून बसली की मामा म्हणायचे, "बाई, नवरा पसंत करताना एवढा वेळ लावला व्हता का?" मुलगी हसायची, आई हसायची आणि पाचवं डिझाइन पसंत व्हायचं.

अशा या आनंदी माणसाला आयुष्याकडून एकच गोष्ट हवी होती, आणि ती काय हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांना आपल्या नातीला मांडीवर घ्यायचं होतं.

मुलगा लातूरला एका क्लासच्या ऑफिसात नोकरीला. लग्न होऊन तिकडेच बिऱ्हाड. नात झाली, बारसं लातूरला झालं. मामा आणि मामी जाऊन आले. मामींनी पोरीला घेतलं, न्हाऊमाखू घातलं. मामांच्या वाटणीला पाळण्याची दोरी आली. मग कधी सूनबाई नांदेडला आल्या तर पोर कायम त्यांच्या कडेवर. मामा म्हणायचे, "आण इकडं." मुलगा म्हणायचा, "झोपंला आलीय बाबा." पुढच्या खेपेला तिला सर्दी असायची. त्याच्या पुढच्या खेपेला ती नव्या माणसाला रडायची. नव्या माणसाला म्हणजे आजोबाला.

गल्लीनं निकाल लावून टाकला की सून वाईट. माझी बायकोही त्यात होती. मामा मात्र सुनेची बाजू घ्यायचे. "आईची जात हाय. लेकराची भीती वाटणारच. तिचं काय चुकलं न्हाई." असं म्हणायचे खरं, पण म्हणताना त्यांचा चेहरा उतरायचा. त्यांच्या मनात सुनेबद्दल बारीक अढी होती. ती बोलण्यात कधी आली नाही, इतकंच.

आता त्या हात पुढे करण्याचं सांगतो.

जाळीच्या नाहीतर फार तलम कापडावर मशीननं भरतकाम करायचं तर कापड गोळा होतं. म्हणून खाली एक पातळ, धुरकट कागद लावतात. दिसायला पन्नीच. काम झालं की कापड पाण्यात बुडवायचं. पन्नी विरघळून जाते, नक्षी उरते. मामांच्या दुकानात त्या पन्नीचे तुकडे सगळीकडे पडलेले असायचे.

एका रिकाम्या दुपारी मी त्यांना मोबाइलवर मासे धरायचा व्हिडिओ दाखवत होतो. आम्हा दोघांनाही गळाचा नाद. रविवारी पहाटे माझ्या स्कूटीवर विष्णुपुरी धरणाच्या बॅकवॉटरला जायचो आणि बहुतेक वेळा मोकळ्या हातानं यायचो. व्हिडिओतला गोरा माणूस एका पारदर्शक पिशवीत कोरडं खाद्य भरत होता, त्यातच गळ ठेवून पिशवी बंद करत होता आणि ती आख्खी पिशवी तळ्यात फेकत होता. पिशवी तळाला जाते, तिथे विरघळते आणि खाद्याच्या ढिगात बरोबर मधोमध गळ उरतो. मधल्यामध्ये चिल्लर माशांना तोंड मारता येत नाही.

मामांनी मोबाइल माझ्या हातातून जवळजवळ हिसकावलाच. "भाऊ, ही तर आपली पन्नी हाय!"

"मामा, ते फॉरेनचं असतं."

"कायचं फॉरेन? अगं, ती कातर आण."

मामींनी कातर आणली नाही, वरून दोन शब्द सुनावले. मामांनी स्वतःच तुकडे कापले. कडांना जिभेचं पाणी अगदी जरासं लावायचं आणि दाबून धरायचं, की कड चिकटते. पाणी जास्त झालं तर भोक पडतं. पहिल्या दिवशी दोघांनी मिळून इतकी भोकं पाडली की माझी जीभ संध्याकाळपर्यंत चिकट होती.

आत घालायचं ते सगळं कोरडं लागतं. मामांचा मसाला म्हणजे कुटलेली शेंगदाण्याची पेंड, भाजलेले पोहे, फुटाण्याचा चुरा. त्यावर थोडं गोडंतेल. तेलानं पन्नीला काही होत नाही, वैर फक्त पाण्याशी. एकदा त्यांनी भरलेल्या पिशव्या शर्टाच्या खिशात ठेवल्या आणि उन्हात बसले. छातीच्या घामानं पन्नी विरघळली, पेंड आणि तेल शर्टातून बनियनपर्यंत पोचलं. मामींनी त्यांना तसंच ओसरीवर बसवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. "बगा, मासा धराया गेल्ते, सोताच तळून आले."

सगळी गोम हाताची होती. पिशवी भरताना, गळाला लावताना हाताला जरा जरी ओल असली तरी ती हातातच विरघळून बसते. आमच्या हाताला ओल कळते. मामांच्या हाताला कळायची नाही आणि ती डोळ्यांनी दिसणारी गोष्ट नाही. गळाची दोरी ओढली की तिचं पाणी बोटांना लागायचं. ते पँटला हात पुसायचे, पण पुसला गेला की नाही हे तरी कसं कळावं? म्हणून हात पुढे यायचा. "कोरडा हाय का?"

मी रुमालानं तळहात पुसायचो, बोटं दाबून बघायचो आणि म्हणायचो, "कोरडा." यात माझा काही मोठेपणा नव्हता. मला मासा हवा होता. एकदा मी म्हटलं, "मामा, गालाला लावून बघा की." ते म्हणाले, "गाल घामेजलेला. त्याला काय कळतंय?" थंडीतही तेच उत्तर. आज वाटतं, त्यांना विचारायचंच असायचं.

लवकरच हा प्रश्न नदीवरून दुकानात आला, दुकानातून गल्लीत. मामा पिशव्या बनवत बसलेले असायचे आणि जो येईल त्याच्यापुढे हात यायचा. मेडिकलवाला दोन बोटांनी हळूच स्पर्श करायचा. शेजारची मास्तरीण फुंकर मारायची. बरेच जण लांबूनच बघून म्हणायचे, "हाव हाव, कोरडा हाय." मामा त्यांचं ऐकून पिशवी उचलायचे. कधी टिकायची, कधी बसायची. बसली तरी मामा कुणाला काही बोलायचे नाहीत. "मसालाच ओला दिसतोय," म्हणायचे.

पन्नीनं आम्हाला मासेही दिले, हे सांगायला हवं. एक मिरगल असा लागला होता की स्कूटीच्या डिकीत मावेना. मामांनी तो पोटाशी धरून आणला आणि गल्लीत तीन घरी वाटला. लांबून हात बघणाऱ्यांनीही रस्सा मागून घेतला. मला त्या दिवशी राग आला होता. मामांना नाही आला. ते म्हणाले, "खाऊन राहिले ना? मंग झालं."

त्या दिवाळीला मुलगा एकटाच आला. सूनबाई भाऊबीजेसाठी माहेरी गेल्या होत्या, नातही तिकडेच. मामांनी दोन दिवस कुणाची थट्टा केली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मुलगाच म्हणाला, चला बाबा, मीपण येतो गळ टाकायला. मामांना इतका आनंद झाला की त्यांनी रात्रीच करून ठेवलेल्या पिशव्या डब्यात भरताना दोनदा डबा पालथा केला. मुलगा मित्राची मोटारसायकल घेऊन आला. मामा सवयीनं माझ्याच मागे बसले.

पाणी चांगलं होतं. काठावरचा गाळ वाळून तडकला होता. मामांनी पहिली दोरी टाकली, ओढली, रिकामी आली. माझी दोरी एका बाभळीच्या फांदीत अडकली होती. मी ती सोडवत दहा पावलं बाजूला उभा होतो. मामांनी हात पँटला पुसला आणि मुलासमोर धरला.

"बग रे, कोरडा हाय का?"

मुलाच्या एका हातात मोबाइल होता. दुसरा खिशात. त्यानं मान वळवून पाहिलं. "कोरडाय बाबा."

मामांनी पिशवी उचलली. ती त्यांच्या तळहातावर दुधाच्या सायीसारखी आक्रसली, फाटली आणि पेंड सगळ्या हाताला लागली.

"ओला व्हता की रे."

"दिसत नव्हता."

"दिसत न्हाई. म्हणून तर इचारतो." मामा हसले. हात परत पुसला, परत पुढे केला. "आता?"

या वेळी मुलगा वाकला. चेहरा अगदी जवळ नेला, नीट पाहिलं. दोन्ही हात पाठीमागे. "आता कोरडाय. नक्की."

दुसरी पिशवीही बसली.

मी फांदी सोडली नाही. तिथेच उभा राहून बघत होतो. मुलानं खिशातून रुमाल काढला आणि मामांच्या तळहातावर वरून टाकला. "घ्या, तुमीच पुसा." मामांनी त्या रुमालाकडे पाहिलं. मग हात पुसला, सावकाश, एकेक बोट. रुमालाची घडी घातली आणि मुलापुढे धरली.

"ऱ्हाऊ द्या बाबा तुमच्याकडंच," मुलगा म्हणाला.

वाईट बोलला का तो? नाही. आवाज मऊ होता. बापाला रुमाल देणाऱ्या मुलाचा जसा असावा तसाच. मला त्या वेळी राग यायला हवा होता किंवा रडू तरी. काही आलं नाही. फांदीची साल नखानं सोलत राहिलो. नंतर बघितलं तर नखातून रक्त आलं होतं, आणि तेही बघितल्यावरच समजलं.

मामांनी रुमाल खिशात ठेवला आणि माझ्याकडे बघून जोरात म्हणाले, "भाऊ, आज पन्नीच खराब हाय. मामीनं उघडी ठेवली वाटतं."

त्या दिवशी लवकर निघालो. मुलगा पुढे गेला. मामा माझ्या मागे होते. नेहमी त्यांचं बोलणं वाऱ्यात अर्धं उडून जायचं आणि मी अंदाजानं हाव हाव करायचो. त्या दिवशी उडून जायला काही नव्हतं. शहर सुरू झालं, रेल्वेचं फाटक बंद होतं. गाडी थांबली तेव्हा ते माझ्या खांद्यामागून म्हणाले,

"सून न्हाई, भाऊ."

मी गाडी बंद केली.

"मी उगी त्या पोरीवर राग धरून बसलो. दुसऱ्याचं लेकरू." जरा वेळानं म्हणाले, "ह्यानं मला कवा हात लावला व्हता ते आठवून राहिलो. आठवंना."

मालगाडी गेली, फाटक उघडलं.

मुलगा लातूरला परतला. जाताना पाया पडला. लांबून वाकून, जमिनीला हात लावून, तो हात कपाळाला. मी हे आधीही कितीदा पाहिलं होतं. अशी पद्धतच असते म्हणून कुणी लक्ष देत नाही.

आठवड्यानं मामा माझ्या दुकानात आले. मोबाइलच्या काचेला त्यांचं बोट लागायचं नाही, म्हणून नंबर मी लावून द्यायचो. "सुनंला लाव," म्हणाले. मी लावला आणि उठून जायला लागलो, तर त्यांनी खुणेनं बसवलं. फोन स्पीकरवरच होता.

"बाई, एक बोलायचं व्हतं. माझ्या मनात तुझ्याबद्दल वाईट व्हतं. ते आता न्हाई. एवढंच."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग सूनबाईंचा आवाज आला. "मामा, मी कदीच नको म्हणलं नव्हतं."

"ठावं हाय."

"त्यांना सांगून बघितलं मी. डॉक्टरचंबी सांगितलं. ऐकतच न्हाईत."

"त्याला काय बोलू नको. त्यानं ल्हानपणी शाळेत लई सोसलंय माझ्यापायी. पोरं याच्या डब्याला शिवत न्हवती. भीती बसली ती बसली." मामांनी माझ्याकडे पाहिलं. "बंद कर भाऊ, तिचा सैपाक ऱ्हायला असंल."

हे शाळेचं मला माहीत नव्हतं. त्यानंतर मुलाला मनातल्या मनात शिव्या द्यायचीही सोय राहिली नाही.

गल्ली सुनेलाच नावं ठेवत राहिली. कुणी बोललं की मामा म्हणायचे, "लातूरहून लेकरू घेऊन येणं सोपं हाय का? यष्टीत पाय ठिवाया जागा नसती." खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मामींना माहीत होतं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

रविवार चालू राहिले, पण मामांनी हात पुढे करणं सोडलं. डबा माझ्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "तूच भर." मी भरायचो. पिशव्या एकूण एक टिकायच्या, मासेही मिळायचे. मामा पाण्याकडे बघत बसायचे. दोरीला ओढ लागली तरी मी सांगेपर्यंत त्यांना कळायचं नाही.

आणि मग सूनबाई आल्या.

फाल्गुनात असेल. दुपारचं ऊन होतं, मामींनी मला चहाला हाक मारली म्हणून मी तिकडेच बसलो होतो. दारात रिक्षा थांबली. सूनबाई, कडेवर मुलगी, खांद्याला पिशवी. भावासोबत माहूरला देवीच्या दर्शनाला निघाल्या होत्या. भाऊ स्टँडवर थांबला होता. "गाडी बदलायची व्हती," त्या म्हणाल्या, "म्हणलं जाऊन यावं." मुलाला हे माहीत आहे का, असं कुणी विचारलं नाही.

मामा गादीवर मांडी घालून पन्नी कापत होते. सूनबाई सरळ त्यांच्यासमोर आल्या, कात्री बाजूला सरकवली आणि मुलीला त्यांच्या मांडीत ठेवलं.

मामांनी दोन्ही हात झटकन उचलले. विस्तवापासून उचलावेत तसे. मग ते पाठीमागे नेले आणि भिंतीला टेकून बसले, हात पाठ आणि भिंत यांच्यामध्ये दाबून. मुलगी त्यांच्या मांडीच्या खळग्यात बरोबर बसली होती. पडायची भीती नव्हती. तिनं त्यांच्या शर्टाचं बटण धरलं आणि तोंडात घालायला बघू लागली. रडली नाही. मामा मान खाली घालून तिच्या टाळूकडे बघत होते. त्यांचा श्वास तिच्या केसांवर पडत होता, केस हलत होते.

मामी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या.

"धरा की मामा तिला," सूनबाई म्हणाल्या. "मी काय म्हणत न्हाई."

"तू न्हाई म्हणत, ठावं हाय मला."

"मंग?"

मामांनी वर पाहिलं नाही. "घरी गेल्यावर त्यानं इचारलं, बाबानं हात लावला का, तर तुला खोटं बोलायचं काम पडू नये."

सूनबाई खाली बसल्या. चहा गार झाला. स्टँडवरून भावाचा फोन दोनदा वाजून बंद पडला, माहूरची गाडी लागली असावी. मुलगी बटण सोडून त्यांच्या पोटाला टेकली आणि तिथेच झोपली. ती जागी होईपर्यंत मामांनी हात बाहेर काढले नाहीत.